सोलापूर परिसरातले शरण, संत आणि सूफी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, जवळ आला, आषाढीच्या पालख्या जिल्ह्यात शिरल्या, कलबुर्गीच्या उरसाचे वारे वाहू लागले की माझ्याकडे प्रश्नांची रीघ लागते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एकदा आलेली गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. जिथे माझे मत आहे तिथे ते माझे म्हणूनच वाचावे.

१. शरण, संत, सूफी हे शेवटी एकच ना? नुसती नावे वेगळी?

नाही. शरण म्हणजे बाराव्या शतकात कल्याणला, आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांभोवती जमलेली मंडळी. त्यांची भाषा कन्नड, रचना वचनांची, उपासना तळहातावरच्या इष्टलिंगाची आणि भर कायक व दासोह यांवर: कष्ट करावेत आणि कष्टाचे वाटून खावे. वारकरी संतांचे दैवत पंढरीचा विठ्ठल, रचना अभंग-ओवीची आणि साधना नामाची व वारीची. सूफी इस्लामच्या आतले. त्यांच्याकडे पीर (गुरू) आणि मुरीद (शिष्य) यांची साखळी असते, तिला सिलसिला म्हणतात. साधना जिक्राची, म्हणजे ईश्वराच्या स्मरणाची.

मिळतेजुळतेही पुष्कळ आहे. तिघांनीही लोकांच्या बोलीत सांगितले, तिघांनाही गुरूवाचून चालत नाही आणि देखाव्याच्या धर्मावर तिघांनीही आसूड ओढले. पण शरणाला विठ्ठलाची मूर्ती नको असेल आणि सूफीला अवताराची कल्पना मान्य नसेल, तर ते तसेच सांगितले पाहिजे. ‘सगळे एकच’ म्हटले की कोणाचीच कविता नीट वाचायची गरज उरत नाही. माझा विरोध आहे तो त्याला.

२. सिद्धरामेश्वर देव की कवी?

सोलापूरकरांसाठी ते ग्रामदैवत, कन्नड साहित्यासाठी मोठे वचनकार आणि लिंगायत परंपरेसाठी शरण. तिन्ही खरे.

सोन्नलगी, म्हणजे आजचे सोलापूर, हे त्यांचे गाव. आई सुग्गलादेवी, वडील मुद्दुगौडा. राघवांक या कन्नड कवीने त्यांचे चरित्रकाव्य लिहिले. त्यातली गोष्ट इथल्या पोरासोरांनाही माहीत असते. रानात गुरे राखणाऱ्या सिद्धरामाला एक जंगम, म्हणजे फिरता शैव साधू, भेटतो आणि भूक लागली म्हणतो. पोरगा दहीभात आणायला घरी धावतो. परत येऊन पाहतो तर जंगम नाही. ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारत तो थेट मल्लिकार्जुनाच्या श्रीशैलापर्यंत जातो.

तिथून परतल्यावर तो गाव घडवायला लागतो. तळे खणले, मल्लिकार्जुनाची स्थापना केली, गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापली. याच कामाच्या ठिकाणी शरणांपैकी अल्लमप्रभू येऊन त्यांना डिवचतात, दगडमाती उपसणारा ‘वड्डराम’ म्हणतात. दगडाची देवळे उभारून काय मिळवणार, असा तो सवाल आहे. पुढे सिद्धराम कल्याणला जातात, चन्नबसवण्णांकडून इष्टलिंग घेतात आणि अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, मानाने बसतात, असे परंपरा सांगते.

मला ते मोठे वाटतात ते या वळणामुळे. देवळे बांधणाऱ्याने देवळांवरचाच प्रश्न ऐकून घेतला, आणि तळे मात्र सोडले नाही. त्यांची हजारावर वचने आज उपलब्ध आहेत. ती वाचली नाहीत तर सिद्धेश्वराच्या देवळात रोज जाऊनही त्यांची निम्मी ओळख राहून जाते.

३. गड्ड्याच्या यात्रेत लग्न नेमके कोणाचे लागते?

कथा अशी की एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, संसार करणार नाहीत. म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाची अनुमती दिली. यात्रेतले उंच नंदीध्वज हे त्या योगदंडाचे प्रतीक आहेत.

संक्रांतीच्या आसपास पाच दिवस हा सोहळा चालतो. पहिल्या दिवशी यण्णीमज्जन, म्हणजे अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा: संमतीचे वाचन होते आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ असा पुकारा झाला की चारी बाजूंनी अक्षता पडतात. संक्रांतीला होम मैदानावर होमप्रदीपन. त्यात बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून, नटवून, कुंभारकन्या मानतात आणि अग्नी देतात. त्यानंतर शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी.

नंदीध्वज सात. ते पेलणारे भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. मुख्य पुजारीपणाचा मान हिरेहब्बू घराण्याचा. बाकीच्या ध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांत वाटलेले आहेत आणि त्यात मातंग समाजही आहे.

होमाच्या दिवशी मी नेहमी थोडी थबकते. बाईने अग्नीत जाण्याची ती आठवण आहे, आणि ती गोड करून सांगू नये असे मला वाटते. यात्रा मनापासून करूनही हे बोलता येते.

४. सिद्धरामेश्वर लिंगायतांचे की सगळ्यांचे?

लिंगायत समाजाने त्यांची वचने, त्यांची गादी आणि यात्रेचा आचार जपला. तो हक्क आणि तो कष्टाचा वाटा मानलाच पाहिजे. अक्षता टाकायला मात्र सगळे गाव येते. ‘सगळ्यांचे’ म्हणताना ज्यांनी जपले त्यांना बाजूला सारायचे नाही, एवढे भान पुरे. लिंगायत हा स्वतंत्र धर्म की नाही, या वादाचे उत्तर मी देत नाही. ते त्या समाजाने ठरवायचे आहे.

५. महाराष्ट्रातल्या गावाच्या देवाचे कवित्व कन्नडमध्ये कसे?

कारण राज्याची सीमा परवाची आणि बोलण्याची वहिवाट जुनी. भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे, दक्षिण सोलापुरात. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी लेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत तो गणला जातो. सोलापूरचेच संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. जो हा लेख वाचील तो विजयी होईल, असा त्याचा आशय. म्हणजे सिद्धरामांच्या शंभरेक वर्षे आधी याच मुलखात मराठी दगडावर कोरली जात होती आणि शेजारीच कन्नडही नांदत होती.

पंढरीचा विठ्ठल तर ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकु’ म्हणून ज्ञानदेवांच्या विराणीतच येतो. कर्नाटकातल्या हरिदासांनीही त्यालाच गायले. पुरंदरदासांची नाममुद्राच ‘पुरंदरविठल’. नंतर सोलापुरात मागावरच्या पद्मशाली कुटुंबांबरोबर तेलुगू आली आणि बहमनी-आदिलशाही काळापासून दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, रुळली. आजही इथल्या जुन्या पेठांत एका गल्लीत चार भाषांत हाक ऐकू येते.

६. हत्तरसंग कुडल म्हणजेच बसवण्णांचे कूडलसंगम का?

नाही. बसवण्णांचे कूडलसंगम कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, कृष्णा आणि मलप्रभा यांच्या संगमावर. आपले हत्तरसंग कुडल भीमा-सीनेवर. दोन्हीकडे संगमेश्वर असल्याने घोळ होतो. आपल्याकडचे पाहायला जाल तर लेखाबरोबर (प्रश्न ५) तिथले बहुमुखी शिवलिंगही पाहा; एकाच लिंगावर ३५९ मुखे कोरली आहेत.

७. एखादे वचन किंवा अभंग कोणाचा, हे ओळखायचे कसे?

शेवटी नाममुद्रा शोधा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ ओळखीचे आहेत. नाथांची मुद्रा ‘एका जनार्दनी’, म्हणजे स्वतःबरोबर गुरूचेही नाव. सोयराबाई स्वतःला ‘चोखियाची महारी’ म्हणवून घेतात.

वचनांत मात्र कवी स्वतःचे नाव घालत नाही, आपल्या देवाचे घालतो. ‘कूडलसंगमदेव’ आले की बसवण्णा, ‘गुहेश्वर’ म्हणजे अल्लमप्रभू, ‘चन्नमल्लिकार्जुन’ म्हणजे अक्कमहादेवी आणि ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ म्हणजे आपले सिद्धराम. गझलेत शायर शेवटच्या शेरात तखल्लुस, म्हणजे टोपणनाव, गुंफतो.

मुद्रा म्हणजे पक्का पुरावा नव्हे. ‘नामा’ म्हणणारे नामदेवांनंतरही झाले. पण सुरुवात तिथून करावी.

८. मग मोबाइलवर फिरणाऱ्या कबीर-रूमीच्या ओळींचे काय?

ज्या मजकुराखाली मूळ भाषेतली ओळ नाही आणि ग्रंथाचा पत्ता नाही, तो पुढे पाठवू नका. कबीरांच्या नावावर इतरांचे दोहे खूप चढले आहेत. रूमीने फारसीत लिहिले. मराठीत येईपर्यंत ओळ दोन-तीन भाषांतून गेलेली असते आणि त्यातला अल्ला व कुराण कुठेतरी गळून पडलेले असते.

९. उरसाची तारीख दरवर्षी सरकते, आषाढी थोडी मागेपुढे होते आणि गड्डा मात्र जानेवारीतच. असे का?

तीन वेगळ्या कालगणना आहेत. संक्रांत सूर्याच्या गतीवर बसवलेली, म्हणून गड्डा जवळजवळ तिथेच राहतो. एकादशी चांद्र तिथीवर, पण दर तीनेक वर्षांनी अधिक महिना घालून पंचांग ऋतूंशी जुळवून घेते. म्हणून आषाढी जून-जुलैत फिरते, पावसाळा सोडत नाही. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे, अधिक महिना नाही. त्यामुळे उरूस दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सगळ्या ऋतूंतून फिरतो.

कलबुर्गीच्या ख्वाजा बंदानवाजांचा उरूस हिजरी जिल्काद महिन्याच्या १५ ते १७ तारखांना असतो. इंग्रजी तारीख त्या वर्षीच विचारून घ्या. आणि एक अपवाद: आपल्याकडे खेड्यांतले कित्येक उरूस हिंदू तिथीवर भरतात, कारण ते सुगीच्या आणि यात्रेच्या हिशेबाने ठरले. तिथे हिजरीचे गणित लावू नका.

१०. दर्ग्यात पहिल्यांदाच जाणार आहे. काय पाळायचे?

चप्पल बाहेर, डोके झाकलेले. रुमाल किंवा पदर चालतो. मजारीला, म्हणजे पीराच्या कबरीला, पाय लागू देऊ नका आणि कबरींच्या मधून चालताना जपून चाला. फुले किंवा चादर नेलीच पाहिजे असे नाही. मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, मोरपिसांचा कुंचा डोक्यावरून फिरवतील, ऊद समोर धरतील; नको असेल तर नम्रपणे हात जोडून बाजूला व्हावे. फातिहा (कुराणातली प्रार्थना) चालू असताना शांत उभे राहावे, तोंडाने काही म्हणायची सक्ती नसते. फोटो विचारूनच काढावेत. कोणी मोठ्या रकमेसाठी मागे लागले तर दानपेटीत हवे तेवढे घालून पुढे व्हा.

११. बायकांना आत जाता येते का?

प्रत्येक ठिकाणी रीत वेगळी. पुष्कळ दर्ग्यांत बायका मजारीच्या आतल्या खोलीत जात नाहीत, जाळीपाशी थांबतात; काही ठिकाणी आतपर्यंत जातात. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यातला मज्जाव उच्च न्यायालयाने २०१६ साली उठवला. उंबऱ्याशी बसलेल्या बायकांना विचारा, त्या अचूक सांगतात. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायावर डोके ठेवायला बाईला अडवत नाहीत.

१२. संदल, गलेफ, मलिदा, कंदुरी म्हणजे काय? आम्ही शाकाहारी, प्रसाद नाकारला तर अपमान होईल का?

संदल म्हणजे चंदनाचा लेप. तो मिरवणुकीने आणून मजारीला लावतात, तो उरसाचा पहिला दिवस. गलेफ म्हणजे मजारीवर घालायची चादर. मलिदा चपाती कुस्करून त्यात गूळ आणि तूप घालून करतात. कंदुरी हे बकऱ्याचे नवसाचे जेवण. ते आपल्या भागात हिंदू घरांतूनही होते.

मलिदा, साखर, खोबरे शाकाहारीच असते. कंदुरीच्या पंगतीत ‘आम्ही खात नाही’ असे साध्या शब्दांत सांगितले की कोणी वाईट मानत नाही, बहुतेक वेळा वेगळे वाढूनही देतात. अपमान होतो तो नाक मुरडल्याने.

१३. आमच्या गावात मुसलमानाचे एकही घर नाही, तरी मोहरमला पंजे बसतात. हे कसे?

सोलापूर-विजापूरच्या पट्ट्यात अशी गावे आहेत. इ.स. ६८० मध्ये करबला इथे पैगंबरांचे नातू इमाम हुसेन मारले गेले. त्यांची आठवण हे पंजे वाहतात. गावाने कधीतरी नवस बोलला, पाटलाने किंवा एखाद्या घराने सेवा पत्करली आणि ती पिढ्यानपिढ्या चालली. सवारी निघते, अलाव्याभोवती, म्हणजे पेटवलेल्या खड्ड्याभोवती, खेळतात, सरबत वाटतात, चोंगे करतात.

एवढे ध्यानात ठेवा की शियांसाठी हे शोकाचे दिवस आहेत. त्यांना ‘मोहरमच्या शुभेच्छा’ पाठवू नका. आपल्या गावात ढोल वाजतो म्हणून सगळीकडे तो सण ठरत नाही.

१४. शेख महंमद मुसलमान होते की वारकरी?

श्रीगोंद्याचे शेख महंमद हा प्रश्न स्वतःच पुढ्यात घेतात. आपण अविंध (मुसलमान) आणि हृदयात गोविंद, असे ते सांगतात. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा मोठा ओवीबद्ध ग्रंथ १६४५चा. सूफी कादरी परंपरेशी त्यांचे नाते सांगितले जाते. मालोजी भोसल्यांनी त्यांना गुरू मानून मठासाठी जमीन दिली असे परंपरा सांगते. त्यांनी ढोंगी पीरांनाही झोडले आणि ढोंगी गोसाव्यांनाही.

लोक मला म्हणतात, एक काहीतरी सांगा. मी सांगत नाही. नाव, जन्म आणि गुरू इस्लामी. ओवी, योगाची परिभाषा आणि गोविंद मराठी भक्तीतला. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने हे दोन्ही एकाच अंगावर वागवले, तर आपण ते कापून वाटण्याची घाई का करावी?

१५. एकनाथांच्या गुरुपरंपरेत सूफी होते, हे खरे का?

एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, देवगिरीचे किल्लेदार. जनार्दनस्वामींना दत्तात्रेयांनी मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेषात दर्शन दिले, अशी वारकरी परंपरेची कथा. त्यांचे गुरू चांद बोधले नावाचे सूफी होते असे अनेक अभ्यासक मानतात, आणि हेच चांद बोधले शेख महंमदांचेही (प्रश्न १४) गुरू सांगितले जातात. श्रद्धेने वाचणारा दत्त पाहील, इतिहास वाचणारा चांद बोधले. नाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडात दोघे कडाकडा भांडतात, एकमेकांची उणी काढतात आणि शेवटी समेटावर येतात. ते भांडण गाळून नुसता समेट छापणारे भेटतात. भांडण गाळले की समेटाला काही वजनच राहत नाही.

१६. मंगळवेढ्याला एक दिवस जायचे आहे. काय पाहू?

नक्की जा. सोलापूरहून सुमारे पंचावन्न किलोमीटर, पंढरपूरला जोडून होते. एवढ्याशा गावात चार परंपरा येऊन मिळालेल्या दुसरीकडे क्वचित दिसतील. कल्याणच्या आधी कलचुरी बिज्जलाची राजधानी इथे होती आणि तरुण बसवण्णांनी इथेच कारकुनी केली असे सांगतात.

मग दामाजीपंत. बिदरच्या बहमनी सुलतानाचे हे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना उघडून दिली. सुलतानाने धरून नेण्याचा हुकूम काढला, तेव्हा विठ्ठल स्वतः विठू महार होऊन दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून आला, अशी कथा. देव इथे महार होतो आणि मुसलमान राजाला जोहार घालतो. ही कथा ज्यांनी रचली आणि गायली त्यांना धान्य कोणाच्या पोटात जायला हवे ते पक्के ठाऊक होते. दामाजींचे मंदिर गावात आहे.

कान्होपात्राही इथलीच, शामा नायकिणीची मुलगी. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा ती पंढरीला विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि तिथेच तिने प्राण सोडला. पंढरपूरच्या देवळात तिच्या नावाचे तरटीचे झाड दाखवतात. लक्षात घ्या: दामाजींच्या कथेत बिदर शेवटी नमते, कान्होपात्रेच्या कथेत बिदर जुलूम करते. दोन्ही कथा एकाच गावाने जपल्या आहेत. सोयीची तेवढी उचलू नये.

चौथे नाव चोखोबांचे. त्यांच्याविषयी पुढच्या प्रश्नात.

१७. इतका समतेचा वारसा होता, मग चोखोबा देवळाबाहेर का?

हा प्रश्न बहुधा रागाने येतो, आणि राग रास्त आहे. चोखामेळा मंगळवेढ्याचे. गावकुसाच्या बांधकामावर वेठीला असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी केली. जिवंतपणी ज्या पायऱ्यांच्या आत त्यांना जाता आले नाही, त्यांच्याच समोर. चोखोबा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा: सगळे घर अभंग रचत होते आणि विटाळाच्या कल्पनेला देवासमोरच जाब विचारत होते. पंढरपूरचे देऊळ दलितांना उघडायला १९४७ उजाडले. त्यासाठी साने गुरुजींना त्या मे महिन्यात उपोषण करावे लागले.

कल्याणची गोष्टही अशीच. हरळय्या चर्मकार आणि मधुवरस ब्राह्मण यांनी मुलांचे लग्न जुळवले, तर बिज्जलाने त्यांना हत्तीच्या पायी देऊन मारले. त्यानंतरच्या गदारोळात ११६७-६८च्या सुमारास बिज्जलाचा खून झाला आणि शरण दाही दिशांना पांगले.

तेव्हा आपल्याला मिळाला आहे तो समतेचा आग्रह. समता घडलेली नव्हती. वचन किंवा अभंग वाचताना भिंत कुठे होती तेही वाचा. चोखोबांच्या समाधीपाशी नामदेव पायरीचे दर्शन घेऊन गर्दी सरळ आत सरकते. तिथे थांबून एक अभंग म्हणून मग पुढे जा.

१८. बुल्ले शाह, लल्लेश्वरी, शाह लतीफ: पंजाब, काश्मीर, सिंधच्या या लोकांचा सोलापूरशी काय संबंध?

पंजाबशी तर थेट. नामदेव उत्तरेत गेले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्याच ग्रंथात कबीर आहेत आणि बाबा फरीद हे चिश्ती सूफीही. पंढरीच्या शिंप्याची आणि मुसलमान फकिराची वाणी एकाच ग्रंथात, एकाच आदराने रोज वाचली जाते.

लल्लेश्वरी चौदाव्या शतकातली काश्मिरी शैव योगिनी. तिची वाख, म्हणजे छोटी पदे, तिथले मुसलमानही आपली मानतात. अक्कमहादेवी वाचली असेल तर ती ओळखीची वाटेल, पण एकीचा दुसरीवर प्रभाव होता असे म्हणू नका. बुल्ले शाह (१६८०–१७५७) आणि सिंधचे शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) तुकोबांनंतरचे. त्यांना इथल्या कोणाचे ‘शिष्य’ करायची गरज नाही. तुकोबांच्या गाथेत अल्लाचे नाव घेणारी हिंदुस्थानी पदे आहेत, आणि देहूहून निघालेली त्यांची पालखी पहिल्या अभंग-आरतीला अनगडशाह बाबांच्या दर्ग्याशी थांबते. नाते दाखवायला एवढे पुरेसे आहे.

१९. सूफी धर्मांतरासाठीच आले होते ना?

दख्खनचे सूफी एका साच्याचे नव्हते. काही लष्कराबरोबर आले, काहींनी दरबाराकडून इनाम जमिनी घेतल्या, काहींनी दरबाराला तोंडावर सुनावले, काही फाटक्या कफनीत हिंडले. बंदानवाज (१३२१–१४२२) दिल्लीचे चिश्ती; म्हातारपणी दख्खनला आले आणि फिरोजशाह बहमनीच्या काळात गुलबर्ग्याला स्थिरावले. विजापूरच्या सूफींनी दखनीत ‘चक्कीनामे’ रचले: बायकांनी जाते ओढताना म्हणायची गाणी. जात्याच्या खुंट्यात आणि पाळूत ते ईश्वराचे स्मरण पेरतात. इस्लामची शिकवण घराघरात पोचवणे हा हेतू त्यात होताच, तो लपवायचे कारण नाही. पण शिकवण गेली ती दळणाऱ्या बाईच्या गळ्यातून, तिच्याच बोलीत. आणि शेजारच्या घरात त्याच वेळी जात्यावर विठोबाची ओवी चालली होती. तलवारीची एक गोष्ट किंवा प्रेमाची एक गोष्ट, दोन्हींनी काम भागत नाही. कोणता सूफी, कोणते शतक, कोणते गाव, हे विचारा.

२०. माझी मुसलमान मैत्रीण म्हणते दर्ग्याला जाणे इस्लाममध्ये बसत नाही. मग खरे कोणाचे?

दोन्ही मते मुसलमानांतलीच. मजारीपाशी मागणे मागणे म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसरे कोणी उभे करणे, असे काही पंथ मानतात. बरेलवी विचाराचे लोक वलींचा, म्हणजे सत्पुरुषांचा, वसिला (मध्यस्थी) मानतात. नवसाला पावणारा देव तुकोबांनाही मान्य नव्हता, तरी पंढरीत नवस बोलले जातात. मैत्रिणीला तुमच्या बरोबर यायला लावू नका आणि ‘तू चांगली मुसलमान’ किंवा ‘कट्टर’ असले शिक्केही मारू नका. ती दर्ग्याला न जाताही तुमच्याबरोबर बंदानवाजांविषयी वाचू शकते.

२१. आमचा पीर मुळात नाथसाधू होता म्हणतात. दुसरे म्हणतात उलट. निकाल द्याल का?

नाही. गावाची जुनी सनद, इनामाचे कागद, शिलालेख आणि दोन्हीकडच्या सेवेकऱ्यांचे म्हणणे पाहिल्याशिवाय कोणीच देऊ नये. एकाच स्थानाला दोन नावांनी हाक मारणारी ठिकाणे आपल्याकडे आहेत, आणि तिथे आजवर दिवा लावायच्या वेळा ठरलेल्या आहेत. त्या ठरलेल्या वेळा कोण मोडू पाहतो, याकडे लक्ष ठेवा.

२२. आजीच्या पेटीत जुनी वही सापडली. मोडीत आहे, काही पाने उर्दूसारखी दिसतात. काय करू?

लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी आडवी ठेवा. दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे सरळ वरून फोटो घ्या, कोरी पानेही सोडू नका, आणि क्रम बदलू नका. उर्दू लिपीतली पाने दखनी असू शकतात, कन्नड ओव्या मराठी लिपीतही सापडतात. म्हणून लिपीवरून भाषा ठरवू नका, मोठ्याने वाचून घ्या. शेवटची ओळ पाहा (प्रश्न ७).

आजी असेल, किंवा तिच्या वयाचे कोणी असेल, तर वहीच्या आधी त्यांना बसवा. त्यांना त्यातले पाठ असण्याचा संभव असतो, आणि चाल कागदावर नसते. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिल्यांदा म्हणणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि हे गाणे कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, एवढे बोलून घ्या. मध्ये थांबवून अर्थ विचारू नका. पूर्ण म्हणून झाल्यावर विचारा.